कप : शून्य-अकरा

९ जानेवारी

मावशी,

गुडघे, डोळे, घरमालक, सगळ्यांची चौकशी शेवटी करतो. आधी मुद्दा.

परवाच्या रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याचा वजनकाटा बघत थांबलो होतो. काटा चाळीस ग्रॅमने खोटा होता. तसं त्याला सांगितलं, ते त्याला आवडलं नाही. पण त्याच्याच चादरीवर सिनेमांच्या डीव्हीडी तबकड्यांचा ढीग होता आणि त्यात तुझा सिनेमा निघाला. घरी आणून बघितला. शेवटच्या पाट्यांत 'संकलन' या शब्दाखाली तुझं नाव आलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

पण काटे दुरुस्त करणाऱ्या मला खोट्या मापाची सवय नाही, म्हणून लिहितो. सिनेमा रटाळ आहे. विशेषतः शेवटचा भाग. नवरा अकरा वर्षांनी घरी परत येतो आणि पुढे जे चेहऱ्यामागून चेहरे, आसवांमागून आसवं चालतात, त्यात माझा एक कप चहा पिऊन झाला आणि दुसरा गार झाला. आई सांगायची, तू चौदा वर्षं कटिंग रूममध्ये होतीस आणि तुझ्या कात्रीपुढे भलेभले दिग्दर्शक गप्प बसायचे. मग हे काय आहे?

तुला ठाऊक नसेल, गेली तीन वर्षं रविवारी मी हाच उद्योग करतो. लोकांचे जुने सिनेमे कॉम्प्युटरवर घेऊन नव्याने जुळवायचे. पाल्हाळ असेल तिथे छाटायचं, प्रसंग मागेपुढे करून बघायचे. आपल्यापुरतं, घरात बघायला. कुणी शिकवलं नाही, क्लास लावला नाही. अकरा सिनेमे केले, त्यांतले चार मूळच्याहून बरे आहेत. हे माझी बायको म्हणते, आणि ती माझी स्तुती वर्षातून एकदा करते.

तू प्रत्येक शॉटचं माप वहीत लिहून ठेवायचीस असं आई म्हणायची. ती वही असली तर पाठव. तू कापला होतास तसा सिनेमा मी पुन्हा उभा करीन. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, तेवढं ठरायचंय.

आता सांग, गुडघे कसे आहेत?

तुझा,
काटेवाला


२१ जानेवारी

चिरंजीव मिलीमीटर,

गुडघे आहेत. दोन्ही.

तुला हे नाव मी का ठेवलं ते आठवतं का? एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून एक तुला, एक तुझ्या बहिणीला दिला, तर तू पट्टी आणलीस. पन्नाशीतही सुधारला नाहीस, बरं वाटलं.

सिनेमा रटाळ आहे हे तू सांगायला नको. मी तो पाट्या लागेपर्यंत कधी बघितलेला नाही. मी कापला, निर्मात्याला दाखवला. दिवे लागल्यावर तो म्हणाला, "बाई, लोक पैसे चेहऱ्याचे देतात, कपबशीचे नाही." दुसऱ्या दिवशी रिळं उचलून दुसऱ्या कुणाकडे दिली. त्याने मी टाकलेलं सगळं परत चिकटवलं. दिग्दर्शक नखं बघत बसले. नाव मात्र माझंच ठेवलं, कारण पाट्या छापून झाल्या होत्या. मी कात्री टेबलावर ठेवून निघाले ती सरळ शाळेच्या ग्रंथालयात, फाटकी पुस्तकं शिवायला. सव्वीस वर्षं शिवली. जोडण्याचंच काम, पण तिथे कुणी चेहरे मागत नाही.

तुला म्हणून लिहिते. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट कळलेली नाही. तो चुकला होता, की मी? कळायला मार्ग नव्हता. माझा सिनेमा त्या एका दुपारी चारजणांनी बघितला, त्यांतली जिवंत आता मीच.

वही एकच उरली आहे, शेवटच्या तीन रिळांची. पाठवते आहे. माप सगळं लिहिलेलं आहे. अडलं तर विचार.

आणि एक काम कर. तुझ्या त्या यंत्रात पाटीवरून नाव पुसता येतं म्हणतात. माझं पूस.

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

वही पोचली. दोन दिवस नुसती चाळली. चारशे सत्याहत्तर शॉट, एका शाईत, एकही खाडाखोड नाही. आणि समासात तुझ्या त्या बारीक टिपा. 'पापणी मिटली की बाहेर.' 'पायाचा आवाज आधी, पाय मग.' मी दुकानात किलोची प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीत ठेवतो. तशी एक पेटी या वहीसाठी केली आहे.

आता सॉफ्टवेअरचं. यात घाई करायची नाही, असं ठरवलं होतं. चार घेतली. चौघांना एकच मिनिटाचा तुकडा दिला, एकाच जागी दहा काप घ्यायला लावले आणि निघालेल्या फ्रेम एकेक करून मोजल्या. काट्यावर प्रमाण वजन ठेवतात तसं.

पहिला, कॉम्प्युटरबरोबर आयता आलेला. त्याला मी 'पाहुणा' म्हणतो. दिसायला गोड, पण काप सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा बारीक घेत नाही. बाद. दुसरा 'उतावळा'. झटपट चालतो, पण अर्ध्या तासाने ओठ पुढे आणि शब्द मागे. बाद. तिसरा 'पंतोजी', थोरामोठ्यांच्या कामाचा. त्याच्या खिडकीत इतकी बटणं आहेत की बायको म्हणाली, विमान कधी सुटतंय? त्यात फीत मोजायच्याच सात पद्धती. सात प्रकारांनी मोजणाऱ्याचा मी भरवसा धरत नाही. बाद. चौथा 'सरळ्या'. दहाचे दहा काप फ्रेमबरहुकूम, आणि मोजायची पद्धत एकच. तो घेतला.

अडलं तर विचार म्हणालीस. विचारायची वेळ येणार नाही. मोजमाप हा माझा धंदा आहे.

काटेवाला


१ मार्च

मिलीमीटर,

चार यंत्रांची परीक्षा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे यंत्र एकच होतं, कात्री दोन आणि चिकटपट्टी. निवडायची असायची ती फ्रेम. एका कापासाठी मी अख्खा दिवस घालवलेला आहे. एक फ्रेम पुढे, एक मागे. कटिंग रूमचा मालक म्हणायचा, बाई, चोविसावा हिस्सा सेकंदाचा, कुणाला दिसतो? मी म्हणायची, दिसत नाही, लागतो.

वहीच्या शेवटून तिसऱ्या ओळीवर पोचलास की तिथे घाई करू नकोस. कप. लांबी शून्य-अकरा. टीप आहे, 'थेंब फुगताना आत, सुटायच्या आधी बाहेर.' त्या वेळी सगळे म्हणाले, थेंब पडताना दाखव. पण थेंब पडला की बघणारा सुटतो. मला त्याला सोडायचं नव्हतं.

बाकी तुझा धंदा, तू जाणे.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

काम पुरं झालं. सहा रविवार लागले. वहीतला एकेक शॉट, लिहिलेल्या लांबीइतकाच, एकही फ्रेम इकडे नाही की तिकडे नाही. सोबत पेनड्राइव्ह आहे. टीव्हीच्या पाठीमागे खाच असते तिथे लावायचा.

आता स्पष्ट लिहितो, कारण तूच विचारलं होतंस की चूक कुणाची. बाजारातल्या तबकडीपेक्षा हे नक्की बरं आहे. आसवं कमी झाली. पण मावशी, हलत नाही गं. माणूस दार उघडतो, आणि आपण आत जायला तयार, तर तो उभाच. ती पाठमोरी उभी राहते, आपल्याला कळतं की ती रडते आहे, आणि कळून झाल्यावरही ती उभीच. मी पुन्हा पुन्हा माप तपासलं. माप बरोबर आहे. त्या काळी लोकांना सवडीने बघायची सवय असेल.

फक्त एक जागा. तुझा कप.

ओट्यावर पालथा घातलेला कप, त्याच्या कानाला फुगत चाललेला थेंब, आणि मागे अस्पष्ट दुसरा कप, तोही ओला, आणि नवऱ्याने तर अजून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. अर्ध्या सेकंदाच्याही आत संपतं. आणि मला कळलं की ती अकरा वर्षं रोज दोन्ही कप धूत होती. कुणी बोललं नाही, कुणाचा चेहरा नाही. मी उठून मोरीत गेलो आणि आमचे कप बघत उभा राहिलो. बायकोने विचारलं, काय हरवलं? मी दोन्ही पालथे घालून ठेवले.

तबकडीत हाच कप सहा सेकंद दिसतो आणि वर व्हायोलिन. तिथे तो नुसता कप आहे.

काटेवाला


१४ एप्रिल

मिलीमीटर,

बघितलं. तुझं बरोबर आहे, हलत नाही.

म्हणजे तो चुकला नव्हता. कळलं ते बरं झालं. नाव पुसायचं तेवढं विसरू नकोस. वही परत पाठवायची गरज नाही, रद्दीत दे.

मावशी


२ जून

मावशी,

सात आठवडे पत्र नाही याची माफी नंतर मागतो. आधी हे वाच, आणि वाचताना बसून घे.

वही रद्दीत दिली नाही. देववेना. तो कप मला सोडत नव्हता. चारशे सत्याहत्तर शॉटांत एकच जिवंत आणि बाकीचे मेलेले, असं एका हातून कसं होईल? काटा खोटा असला तर तो सगळीकडे खोटा असतो. एकाच वजनाला खरं दाखवणारा काटा मी तीस वर्षांत बघितलेला नाही.

गेल्या मंगळवारी एक गिऱ्हाईक आजोबांच्या वेळचा काटा घेऊन आलं. तबकडीवर नुसते आकडे, बाकी काही नाही. मी सवयीने पहिला प्रश्न विचारला, "हे कशात आहे, शेरात की पौंडात?"

शब्द तोंडातून गेले आणि हातातला पाना तसाच राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? मी म्हटलं, उद्या या.

दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं, घरी येऊन वही उघडली. तुझ्या प्रत्येक मापात दोन आकडे आहेत. सहा-चार. दोन-तेरा. अकरा-शून्य. मी पहिला सेकंद धरला आणि दुसरा फ्रेम. विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हेच डोक्यात आलं नाही. आता दुसरे आकडे ओळीने खाली उतरून काढले. चारशे सत्याहत्तर. सेकंदात फ्रेम चोवीस-पंचवीस असतात, म्हणजे कुठेतरी सतरा, एकोणीस, बावीस यायला हवेत. एकही नाही. पंधराच्या वर तू कधी गेलीच नाहीस. पंधरा झाले की पहिला आकडा एकने वाढतो आणि दुसरा पुन्हा शून्य.

मग मी 'पंतोजी' उघडला. त्या सात पद्धतींतली चौथी दाबली. तिचं नाव 'फूट आणि फ्रेम'. खालची पट्टी बदलली आणि आकडे सरकू लागले: शून्य-चौदा, शून्य-पंधरा, एक-शून्य. तुझी वही माझ्या पडद्यावर चालत होती. एका फुटात सोळा फ्रेम. तू फीत फुटांत मोजत होतीस.

म्हणजे सहा-चारच्या शंभर फ्रेम होतात, आणि मी एकशे चोपन्न ठेवल्या होत्या. सगळीकडे तू कापलं होतंस त्याच्या दीडपट लांब. आणि कप शून्य-अकरा, शून्य फूट. तिथे सेकंद धरा नाहीतर फूट, अकरा म्हणजे अकराच. म्हणून तेवढा एकच तुझा होता. बाकी सगळा माझा.

आणखी एक लपवलं होतं. तेवीस ठिकाणी तबकडीत तेवढी लांबीच मिळेना, तिथे मी शेवटची फ्रेम गोठवून माप भरून काढलं. माप भरत नाही म्हणजे माप चुकलंय, हे दुकानात मी कुणालाही ऐकवतो.

मग फुटांचे सेकंद करून यादी केली आणि रोज रात्री बसून 'सरळ्या'वर सगळं पुन्हा कापलं. दार, बूट, तिची पाठ, नळ. कुठेच कुणी थांबत नाही. मी काही समजून घ्यायच्या आत ते पुढे गेलेलं असतं आणि समजलेलं माझ्या हातात राहतं. असं आधी कधी झालं नव्हतं. मग कप आला. थेंब फुगला, सुटला नाही, काळोख.

बायको शेजारी होती. म्हणाली, "ही तुमची मावशी?" मी हो म्हटलं. म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना रटाळ म्हणालात."

दुसरा पेनड्राइव्ह सोबत आहे. मावशी, तो चुकला होता. आणि त्याच्यानंतर मी.

काटेवाला


१५ जून

अरे वेड्या,

फूटच. दुसरं कशात मोजणार? फीत आमच्या हातात यायची, टेबलावर पसरायची, गळ्यात पडायची. सेकंद घड्याळात असतात. मला कुणी 'सेकंदात सांगा' म्हटलं असतं तर मी विचारात पडले असते. म्हणून वर लिहिलं नाही. जे सगळ्यांना माहीत ते कोण लिहितं? आता सगळे म्हणजे मी एकटीच, हे लक्षात आलं नाही.

तुझी एक चूक, तर माझीही एक घे. एप्रिलमधलं मी बघितलंच नव्हतं. 'बघितलं' लिहिलं ते खोटं. पेनड्राइव्ह सुयांच्या डब्यात तसाच आहे. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, मिलीमीटर म्हणतो माप बरोबर आहे, म्हणजे असणारच. तुझ्या मापावर मी माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला.

हा दुसरा बघितला. एकटीने धीर होईना म्हणून समोरच्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांना काही सांगितलं नाही, जुना सिनेमा आहे म्हटलं. त्या मोबाइल हातात घेऊन बसल्या होत्या. दार उघडल्यावर तो पालथा ठेवला. मी सिनेमा थोडा आणि त्यांना जास्त बघत होते. पडदा काळा झाला. मग उठल्या, माझ्या ओट्यापाशी गेल्या, उगाच एक कप उचलून बघितला, परत ठेवला. जाताना दारात म्हणाल्या, "ती रोज दोन धूत होती, नाही का हो?"

मी हो म्हटलं. दार लावलं. आणि दाराला टेकून उभी राहिले, किती वेळ ते मोजलं नाही.

एकच खोट आहे. तिचा आवाज. नटीचा. तो असा नव्हता, किंचित चढा लागतोय आणि बोलणंही जरा लगबगीचं. माझ्या कानात तो आवाज वर्षभर होता, विसरणार नाही. तुझ्या यंत्रात काही असेल तर बघ. नसेल तर म्हातारीचे कान म्हणून सोड.

मावशी


२८ जून

मावशी,

हे पत्र मी दुकानात, गल्ल्यावर बसून लिहितो आहे आणि गिऱ्हाईक उभं ठेवलं आहे, जे मी कधी करत नाही.

तुझे कान म्हातारे नाहीत. तबकड्या टीव्हीसाठी बनवताना सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस फ्रेम पळवायचे. त्यामुळे सगळा सिनेमा किंचित घाईने चालतो आणि आवाज चढतो. 'सरळ्या' सुरू करताना विचारतो, सेकंदाला किती? तबकडीवर पंचवीस दिसलं, मी पंचवीस दाबलं. तू फुटांवर कापलेला प्रत्येक शॉट बरोबर लांबीचा होता, पण फीत सेकंदाला एका फ्रेमने जोरात ओढली जात होती. तीन रिळांत एक मिनिट दहा सेकंदांचा फरक. मी घड्याळ लावून काढला. तू एका बैठकीत, साध्या टीव्हीवर, शेजारीण सांभाळत, कानाने काढलास.

माझ्या दुकानातला सगळ्यात नाजूक काटा सोन्यासाठी आहे. त्याच्यावर काच असते, कारण श्वासाने हलतो. काल त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वाटलं, हा काही विशेष नाही.

'सरळ्या'ला एकदा सांगितलेलं बदलता येत नाही. म्हणून 'पंतोजी' घेतला. मी त्याला बाद केला होता ते त्याच्या सात पद्धतींमुळे, आणि तुझी भाषा चौघांत त्या एकालाच येते. पट्टी फुटांत लावली आहे, वेग चोवीस. चारशे सत्याहत्तर शॉट पुन्हा पहिल्यापासून. या वेळी ती सेकंदांची यादी शेजारी लागत नाही, वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच असतो. आजवर मी जे अकरा सिनेमे 'बरे' केले, ते परवा पुन्हा बघितले. चार बरे आहेत असं बायको म्हणायची. एक असेल.

आता पाट्यांपाशी आलो आहे. तू दोनदा सांगितलंस आणि मी दोन्ही वेळा टाळलं. नाव पुसू?

काटेवाला

ता. क. अजून काही विचारायचं राहिलं असेल तर ते मला माहीत नाही, म्हणून तूच सांग.


६ जुलै

मिलीमीटर,

नर्सबाई पुन्हा बघायला येणार आहेत, बहिणीला घेऊन. तेव्हा लवकर कर.

नाव राहू दे.

पाटी तीन-शून्य ठेव. वाचायला तेवढी पुरते, त्याहून जास्त म्हणजे मिरवणं.

आता विचार, कशात.

मावशी